छकुलीला जमीन मिळाली

आमची धाकटी छकुली नऊ महिन्यांची झाली तरी रांगायचे नाव काढीना. बसवली की नीट बसे, खुळखुळा या हातातून त्या हातात घेई, हाक मारली की वळून हसे. पण बसल्या जागेवरून वीतभर सरकत नसे. शेजारचा सात महिन्यांचा मुलगा रांगत आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊ लागला. त्याचे कौतुक करताना आम्हा उभयतांच्या पोटात गोळा येई.

चाळीत सल्ल्याला तोटा नाही. कोणी म्हणे तेल कमी पडते, कोणी म्हणे उतारवयातले मूल असेच असायचे. (आमची चाळिशी उलटली आहे, हे बोलणाऱ्या बाईला ठाऊक होते.) छकुलीच्या आईने ते मनाला लावून घेतले. कामावरून आली की मुलीचे पाय हातात घेऊन बसून राही. एके दिवशी आमच्या मातोश्रींनी छकुलीच्या पायात काळा दोरा बांधला. वाचकहो, वस्त्यावस्त्यांतून अंधश्रद्धेवर भाषणे देणारे आम्ही. पण दोरा पाहिला आणि गप्प बसलो. आठ दिवस तो तसाच होता.

शेवटी पालिकेचा दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी छकुलीला उताणी, पालथी करून पाहिले, दोन्ही पायांचा जोर सारखा आहे का ते तपासले. दोऱ्याकडेही पाहिले, बोलल्या मात्र नाहीत. मग विचारले, "हिला दिवसातून जमिनीवर किती वेळ ठेवता?"

घरी येऊन हिशेब मांडला. कारकुनाला दुसरे काय येते! झोप १४ तास, मांडीवर नि कडेवर ७, पलंगावर उशांच्या वेढ्यात ३. जमिनीवर शून्य. दहा बाय बाराची खोली. एका अंगाला मोरी, दुसऱ्या अंगाला पलंग, उरल्या जागेत पत्र्याच्या पेट्या आणि आमच्या पत्रकांचे गठ्ठे. संध्याकाळी बैठकीला कार्यकर्ते आले की पोर या मांडीवरून त्या मांडीवर. लाड भरपूर झाले, पण जमिनीला अंग लागले नव्हते.

डॉक्टरबाईंनी सांगितले ते आमच्यासारख्यांच्या उपयोगाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत धडधाकट मुले साधारण ५ ते साडेतेरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही रांगायला लागली आणि शंभरातली चारेक तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. मात्र नऊ महिने उलटूनही मूल आधाराशिवाय बसत नसेल, एकच हात वा एकच पाय वापरत असेल, अंग फार ढिले किंवा फार ताठ लागत असेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर घरी वाट पाहू नये. चाकांच्या वॉकरचे विचारले तर त्यांनी साफ नको म्हटले. त्यातून मुले पडतात, जिन्यावरून घरंगळतात. कॅनडाने २००४ साली त्याची विक्रीच बंद केली.

रविवारी पलंगाच्या पायांखाली विटा सारल्या, पेट्या नि गठ्ठे आत ढकलले. पाच बाय सहाची जमीन मोकळी झाली. तीवर गोधडी अंथरून छकुलीला पालथी ठेवली. तिने चाळ डोक्यावर घेतली! आईने दोनदा उचलायला हात पुढे केला, दोनदा मागे घेतला.

तीन आठवड्यांनी छकुली सरकली, तीही रांगत नव्हे, बसल्या बसल्या ढुंगणावर. मोकळ्या जमिनीने की वेळ आली म्हणून, आम्ही सांगू शकत नाही. पहिली झेप पत्रकांच्या गठ्ठ्यावर. वरचे पत्रक ओले करून टाकले. सव्वा वर्षाची झाली तेव्हा भिंत सोडून चार पावले चालली.

दोरा दवाखान्यातून आल्या रात्री आम्हीच कापला. मातोश्री दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात एका वस्तीत अंधश्रद्धेवर बोललो, तेव्हा मात्र दोऱ्याची गोष्ट गाळली होती.