170 रुपयांचं कोरड्यास

संपादकांनी ‘कमी खर्चात सकस आहाराच्या दहा युक्त्या’ मागितल्या होत्या. त्या काही मी देत नाही. ज्यांच्या हाताशी पैसा नाही त्यांना अशा युक्त्या माझ्याहून जास्त ठाऊक असतात, आणि ज्यांच्याकडे तो आहे ते त्या कापून फ्रिजवर चिकटवतात.

हाताशी पैसा म्हणजे किती, ते धाराशिवात सांगायला सोपं आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वी दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळायचा. 2023 पासून धान्याऐवजी खात्यावर रोख येते. आधी माणशी महिन्याला 150 रुपये होते, पुढे 170 झाले. म्हणजे दिवसाला साडेपाच रुपयांच्या जरा वर. यात बाजारातलं एक अंडं बसवून दाखवा. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं नोव्हेंबर 2023 मध्ये आलं खरं, पण जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला. हवं असेल तर लोकवर्गणी काढा, असं शाळांना सांगण्यात आलं.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण माझ्याकडे सल्ल्याला आलेली भूमकडची एक बाई. खुरपणीला जाणारी, हिमोग्लोबिन साडेसात. कुणीतरी सांगितलं म्हणून चार-पाच दिवसांची मजुरी घालून तिने प्रोटीन पावडरचा डबा आणला होता. तो पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, दुधातून घ्या म्हणतेत, पाण्यातून घेतली तर जमंल का?” घरी म्हैस आहे, पण दूध खव्याच्या भट्टीला जातं. त्यावरच घर चालतं, त्यामुळे ‘दूध घरी ठेवा’ असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

तिला कमी पडत होतं ते लोह. आता इथे थोडं किचकट सांगावं लागेल. शंभर ग्रॅम ज्वारीत चारेक मिलिग्रॅम लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य त्यातलं बरंचसं बांधून ठेवतं. राहिलेलं जेवणावरचा चहा अडवतो. पीठ आंबवलं की फायटेट घटतं, लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. आपल्या येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, जेवणात हे सारं आपोआप जुळून येतं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि ओला हरभरा, तूर, मेथी, पातीचा कांदा घातलेली भज्जी. पण येळवस वर्षातून एकदाच येते. एरवी बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी अशी रानभाजी फुकट मिळायची. सोयाबीनवर तणनाशक फवारायला लागल्यापासून तीही मिळेना. खुरपणीच्या मजुरीपेक्षा औषध स्वस्त पडतं, मग शेतकऱ्याला तरी काय बोलायचं?

पण म्हणून कुणी मला ‘आपले पूर्वज ज्वारी खाऊन ठणठणीत होते’ असं ऐकवू नये. 2023 च्या भरडधान्य वर्षापासून हे फार ऐकावं लागतं. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांना एक कोडं पडलं होतं. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, पुढे भ्रम, असा पेलाग्रा हा रोग तोवर मक्यावर जगणाऱ्यांचा समजला जाई. इथे तो दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसत होता. हा रोग नायसिनच्या अभावाने होतो. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही थोडं नायसिन बनवतं, आणि ज्वारीतून ही दोन्ही काही मक्याइतकी कमी मिळत नाहीत. मग दोष कुणाचा? गोपालनांनी बोट ठेवलं ल्युसिनवर. ज्वारीत ते फार असतं आणि नायसिनच्या कामात खोडा घालतं, असं त्यांचं म्हणणं. कुत्र्यांवर प्रयोग झाले, माणसांवर झाले. आयसोल्युसिन दिलं तर परिणाम उलटतो, असंही दिसलं. पण पुढे इतरांच्या प्रयोगांत काहींना तसंच आढळलं, काहींना मुळीच नाही. कुणी ब-6 जीवनसत्त्वाकडे बोट दाखवलं. माझा स्वतःचा कौल विचाराल तर ल्युसिनचा हात असावा, पण तो एकट्याचा नसावा. खरा गुन्हेगार भाकरीसोबत कोरड्यास, म्हणजे कालवण, नसून नुसतं मीठ-मिरची असणं हा. (हे मी एका सभेत बोलले, तर ‘मॅडम ज्वारीच्या विरोधात आहेत’ अशी चर्चा गावभर झाली. कपाळ माझं!)

मी ज्वारीच्या बाजूचीच आहे. फक्त तिच्यात लायसिन कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. आता 170 रुपयांत तूरडाळ दीड किलोच्या आतच येते, आणि तेवढ्यावर एका माणसाचा महिना काढायचा. हुलगे परवडतात, पण त्यांचं पिठलं आणि माडगं करणारे हात घरोघरी कमी होत चाललेत.

आणि सोयाबीन? खरिपात जिल्हाभर तेच उभं असतं. प्रथिनं शेकडा पस्तीस-चाळीस, लायसिन भरपूर. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. बाजारात बऱ्याचदा त्याहूनही कमी मिळतात म्हणून शेतकरी रडतो, आणि त्याच्याच घरात प्रथिनं डब्यातून येतात. सोयाबीन कच्चं दळून चालत नाही. त्यातलं ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिनं पचू देत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, कडक वाळवायचं, आणि नऊ किलो ज्वारीला एक किलो या मापाने दळायचं. त्या बाईला मी हेच सांगितलं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्याच, चहा जेवणानंतर तासाभराने घ्यायचा, हेही बजावलं. पुढच्या वेळी आली ती तक्रार घेऊनच. गिरणीवाला सोयाबीन दळायला तयार नाही, जातं चिकटतं म्हणतो. नवऱ्याला भाकरीचा वास येतो. आणि नऊ किलो ज्वारी आणायची कुठून, तिचं कार्ड रोख रकमेचं नाही, त्यावर तर गहू-तांदूळच मिळतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलो लिहिलेलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही. गिरणीवाल्यासाठी मात्र एक तोड सांगितली, सोयाबीन वेगळं न दळता ज्वारीत मिसळूनच टाकायचं. वासावर माझ्याकडे अजून उपाय नाही.