जे आधी होईल ते

आयुष्यात मी दोनदाच कुणाला जामीन राहिलो. पहिल्यांदा कचेरीतल्या एका सहकाऱ्याला. त्याने कर्ज फेडलं आणि त्यानंतर मला ओळख देणं सोडलं. दुसऱ्यांदा सख्ख्या भाच्याला. तो अजून रोज ओळख देतो, आणि खरी पंचाईत तीच आहे.

भाचा सासवडचा. बी. कॉम. झाला, चार ठिकाणी अर्ज केले, आणि एक दिवस म्हणाला, "मामा, मी गाडी घेतो." गाडी म्हणजे दीड टन माल नेणारा छोटा ट्रक. बँकेच्या कागदावर तो ट्रक, गावात 'पिकअप', आणि माझ्या बहिणीच्या तोंडी सरसकट 'टेम्पो'. पुरंदरची अंजिरं, सीताफळं, वाटाणा असा माल भरायचा आणि दिवे घाट उतरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा, असा त्याचा बेत होता. त्याने एक जुनी गाडी बघूनही ठेवली होती. साडेतीन लाखांना, ओळखीच्या माणसाची, आणि गावातल्या मिस्त्रीने खाली झोपून तपासलेली.

इथे मी तोंड घातलं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड जडते. त्याचा माणसांपेक्षा कागदावर जास्त विश्वास बसतो. मी म्हटलं, "अरे, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. नवी घे. नव्या गाडीला वॉरंटी असते!"

हे वाक्य मी अशा ऐटीत म्हटलं, की जणू वॉरंटीचा शोध मीच लावला होता. भाच्याने ऐकलं. त्या घरात मामाचं ऐकायची पद्धत आहे. नऊ लाखांची गाडी, महिन्याला १७,९०० रुपये हप्ता, आणि जामीन कोण, तर ज्याने सल्ला दिला तो.

२०२३ च्या दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूच्या माळा झाल्या, नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं चिरडली. बहिणीने गाडीला ओवाळलं आणि मग मलाही ओवाळलं. मी त्या रात्री वॉरंटीचं पुस्तक वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: '३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते.' वॉरंटीत काय बसतं ते एका पानात होतं, आणि काय बसत नाही ते पुढच्या अकरा पानांत. क्लच प्लेट बसत नाही, कारण ती झिजते. ब्रेक लायनर बसत नाही, तोही झिजतो. टायर आणि बॅटरी यांचं ज्याने केलं त्याने बघावं. थोडक्यात, जे बिघडण्याचा संभव आहे ते सोडून बाकी सगळ्याची हमी होती. गिअरबॉक्स मात्र बसत होता. तेवढ्यावर मी समाधानाने झोपलो.

'जे आधी होईल ते' यात तीन वर्षंही झाली नाहीत आणि लाख किलोमीटरही झाले नाहीत. आधी झालं ते तिसरंच. आठव्या महिन्यात गाडीचा तिसरा गिअर सुटायला लागला.

गिअर सुटणं म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यभर पीएमटीच्या बसने प्रवास केला त्यांना सांगायला हवं. मलाही ते साठी उलटल्यावर कळलं. तुम्ही तिसऱ्यात चालला आहात, दांडा जागेवर आहे, आणि कुणी हात न लावता तो टुणकन मधे येतो. गाडी न्यूट्रल. सपाट रस्त्यावर असं झालं तर नुसती चिडचिड होते. पण सासवडहून पुण्याला जाताना घाट उतरायचा असतो, आणि तोही भरलेल्या गाडीने. उतारावर गाडीला अर्धं इंजिनच धरून ठेवतं. म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर सुटला की इंजिन हात सोडतं, दीड टन सीताफळं मागून ढकलू लागतात, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा भाच्याने गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला. पोरगं सहसा घाबरत नाही. त्या दिवशी त्याचा आवाज लहानपणी झाडावरून पडला होता तेव्हासारखा होता.

मी म्हटलं, "घाबरतोस काय? वॉरंटी आहे ना!"

सर्व्हिस सेंटर मोठं चकाचक होतं. आत गारवा, सोफे, फुकट कॉफी. आमच्या काळी गॅरेजमध्ये शिरलं की कपडे काळे व्हायचे. इथे मन काळवंडतं, पण कपडे स्वच्छ राहतात. तिथल्या एका टायवाल्या मुलाने गाडी रिकामी करून सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणली आणि जाहीर केलं, "काही प्रॉब्लेम नाही सर." दाढ रात्रभर ठणकावी आणि दातांच्या डॉक्टरकडे पाऊल टाकताच गप्प व्हावी, तशी गाडी तिथे शहाण्यासारखी वागत होती. मी म्हटलं, "अहो, ती घाटात सुटते. भरलेली असताना. उतारावर." तो म्हणाला, "सर, घाट आमच्या टेस्ट ड्राइव्हच्या रूटमध्ये नाही."

पहिल्या खेपेला त्यांनी गिअरचं ऑइल बदललं. दुसऱ्या खेपेला दांड्याखालचं लिंकेज ताणलं. तिसऱ्या खेपेला गिअरबॉक्स खरोखरच खोलला, आतली पितळी सिंक्रो रिंग बदलली आणि गाडी नऊ दिवसांनी दिली. त्या नऊ दिवसांत भाच्याने दुसऱ्याची गाडी भाड्याने घेऊन गिऱ्हाइकं सांभाळली. हप्त्याला मात्र वॉरंटी-बिरंटी काही नसते, तो पाच तारखेला बरोबर गेला. गाडी बारा दिवस छान चालली. तेराव्या दिवशी पहाटे गिअर सुटला. तेराव्याचं जेवण घालायला मी तेव्हा काही सासवडला नव्हतो.

चौथ्या खेपेला कंपनीचा मोठा इंजिनिअर आला. हा माणूस प्रामाणिक निघाला. भरलेल्या गाडीत बसून घाट उतरायला तयार झाला. मी आणि भाचा मनातल्या मनात देवाला विनवत होतो, की बाबा, आज सुटू दे. देवाने ऐकलं. मस्तानी तलाव खाली दिसायला लागला आणि गिअर सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. इंजिनिअरने हँडल घट्ट धरलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, जिंकलो! संध्याकाळी जॉब कार्ड हातात आलं. त्यावर लिहिलं होतं: 'ग्राहकास समजावून सांगितले.'

काय समजावून सांगितलं ते आम्हाला अजून समजलेलं नाही.

मग आम्ही गाडी गावच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवून दांड्यावर दोन बोटं टेकवली, वैद्य नाडी बघतो तशी, आणि म्हणाला, "आतला स्प्रिंग आणि गोळी गेलीय, नाहीतर फोर्क घासलाय. खोलल्यावर कळंल. एक दिवसाचं काम."

"मग खोला की!"

"खोलतो. पण मामा, मी एक नट हलवला की तुमची वॉरंटी गेली."

आता आली का पंचाईत! जो दुरुस्त करू शकतो त्याने हात लावायचा नाही, आणि ज्याने हात लावायचा त्याला दुरुस्त करता येत नाही. वॉरंटी शाबूत राहावी म्हणून गाडी नादुरुस्त ठेवायची. भाच्याने ती जुनी गाडी घेतली असती, तर मिस्त्रीने कधीच खोलून, शिवून, मोकळी केली असती. हे तो बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मध्यंतरी मी गाडीत त्याच्या शेजारी बसू लागलो आणि घाटात दांडा हाताने दाबून धरू लागलो. माऊलींची पालखी आषाढी वारीत हाच दिवे घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जोडतात. आमच्या गाडीला घाट उतरताना जादा मामा जोडला होता. ही युक्ती मी सर्व्हिस सेंटरात मोठ्या अभिमानाने सांगितली. टायवाल्या मुलाचे डोळे चमकले. त्याने लगेच लिहून घेतलं: 'चालत्या गाडीत गिअरवर हात ठेवण्याची सवय. त्यामुळे फोर्क झिजतो.' म्हणजे गिअर सुटतो म्हणून मी हात ठेवला, ते पुसून गेलं, आणि मी हात ठेवला म्हणून गिअर सुटतो, एवढं कागदावर उरलं. हात काढला. भाचा आता घाट दुसऱ्यातच उतरतो. दुसरा गिअर इमानी आहे, पण गाडी गोगलगायीसारखी येते. मार्केट यार्डात उशिरा पोचलेल्या मालाला अडते जावयासारखं विचारत नाहीत. त्यात अंजीर हे फळ वाट बघणारं नाही. सकाळी फुलासारखं असतं आणि दुपारी त्याचा जॅम होऊ लागतो.

शेवटी मी माझं हत्यार काढलं. अर्ज! रजिस्टर पोस्टाने कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं ते दोन मुद्द्यांचं. पहिला मुद्दा, ट्रक ही व्यापारी वापराची वस्तू, सबब आपण कायद्याने 'ग्राहक' नाही. दुसरा मुद्दा, प्रत्येक सर्व्हिसनंतर आपण समाधानाचे दहापैकी दहा गुण दिलेले आहेत.

मी भाच्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "मामा, ती फोनवरची मुलगी म्हणाली, दहापेक्षा कमी दिले तर आमचे पैसे कापतात. मला तिची दया आली."

यावर काय बोलणार? पोरगं आमच्याच बहिणीचं. कंपनीने त्याला मामा बनवलं म्हणावं, तर मी आधीपासूनच मामा होतो.

पहिल्या मुद्द्याला मात्र मी उत्तर शोधलं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, तो जाऊन २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला, एवढं पेपरात वाचलेलं होतं. आता कायदाच आणून वाचला. व्यापारासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे, हे खरं. पण खाली स्पष्टीकरण आहे. माणसाने स्वतः राबून पोट भरण्यासाठी, निव्वळ स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतली असेल, तर तो व्यापारी वापर धरायचा नाही. म्हणजे दहा ट्रक आणि दहा ड्रायव्हर ठेवणारा शेठ वेगळा, आणि पहाटे तीनला उठून स्वतः चाक धरणारा आमचा भाचा वेगळा. इतका माणुसकीचा मजकूर मी कुठल्याही कायद्यात वाचला नव्हता. मी तो दोनदा मोठ्याने वाचला. सौ. म्हणाली, "पोथी वाचल्यासारखं काय वाचताय?"

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये. वकिलाशिवाय स्वतःची बाजू मांडता येते, आणि गरज पडली तर वस्तू तपासायला पाठवण्याची सोय कायद्यात आहे. जाताना सगळी जॉब कार्डं नेली. 'ग्राहकास समजावून सांगितले' हे सर्वांत वर ठेवलं. पुढची तारीख मिळाली आहे.

तोवर माझ्याकडे एक काम आहे. कागदावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने कागदच तयार करावा, म्हणून मी एक वही घातली आहे. तारीख, वेळ, किलोमीटर, भरलेला माल, जागा आणि गिअर असे सहा रकाने. अर्धी बँक मी असल्याच वह्यांवर चालवली. आठवड्यातून दोनदा रात्री सासवडला मुक्कामाला जातो आणि पहाटे भाच्याशेजारी बसतो. घाट दुसऱ्यात उतरतो. खाली वडकीच्या सपाटीला लागलं की भाचा तिसरा टाकतो. सुटला तर मी लिहितो. आजवर सत्तेचाळीस नोंदी झाल्या.

खरं सांगू का? त्या वेळी माझ्या मनाची मोठी चमत्कारिक अवस्था होते. भाच्याचं तोंड बघितलं की वाटतं, देवा, आज सुटू नये. हातातली पेन्सिल बघितली की वाटतं, सुटला तर तेवढीच एक नोंद होईल.

परवा गाडीने अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर ओलांडले. वॉरंटी आता काही दिवसांची सोबतीण. बहिणीने विचारलं, "दादा, ती संपली की मग काय रे?"

मी काही बोलायच्या आत भाचा म्हणाला, "मग काय आई, सुटलो! दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेतो. एक दिवसाचं काम."

आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तोपर्यंत वही सोडू नका मामा. आणि पुढची गाडी घेताना तुम्हीच जामीन."