उडाला तर कावळा

उडाला तर कावळा, बुडाला तर बेडूक. शब्दकोड्यात या म्हणीची पंचाईत अशी की दोघेही तीन अक्षरांचे. चौकोन तीनच, त्यांत कोण बसणार हे वरून उतरणारा उभा शब्द ठरवतो. पहिल्या घरात ‘का’ आला तर कावळा, ‘बे’ आला तर बेडूक.

बपेरा गावात ही म्हण कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर काहीतरी काळं बसलेलं दिसतं. जवळ जावं तर उडतं, नाहीतर पाण्यात बुडी मारतं. पण तोवर ते काय असतं? आणि जवळ कुणी गेलंच नाही तर? म्हण यावर गप्प आहे, आणि मी तिथेच अडतो.

म्हण माणसांना लावून पाहिली, तर वैमानिक कॅप्टन सौदामिनी देशमुखांपाशी अडायला होत नाही. 1985 साली कोलकाता-सिलचर फोकर विमान त्यांनी नेलं, सहवैमानिक निवेदिता भसीन, दोघीही बायका. सौदामिनीबाई पुढे बोइंगच्याही कॅप्टन झाल्या. कावळा, प्रश्न मिटला.

सरला ठकराल मात्र कोड्याच्या घरात बसत नाहीत. 1936 साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून त्यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवलं. घरी चार वर्षांची लेक होती. पुढे हजार तास उडाल्या. 1939 मध्ये वैमानिक नवरा विमान अपघातात गेला. तरीही त्या व्यावसायिक परवान्यासाठी शिकायला निघाल्या, तर महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षणच बंद पडलं. मग लाहोरला चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर मुलींना घेऊन दिल्लीत आल्या. साड्यांची छपाई, दागिन्यांची घडण यांवर त्यांनी व्यवसाय उभा केला.

आता यांना काय म्हणावं? उडाल्या हे खरं. उतरल्या हेही खरं. बुडाल्या म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांचे उभे शब्द अपघाताने आणि युद्धाने भरले, असं म्हणून सुटावं, तर सौदामिनीबाईंचे उभे शब्द तरी सगळे त्यांच्या हातचे होते का? मग उडण्याचं श्रेय कुणाचं? इथे माझा विचार फिरत राहतो.

त्यातच बिरशी आठवते. गोंदियाजवळची ही धावपट्टी इंग्रजांनी त्याच महायुद्धाच्या काळात बांधली. आज तिथे मुलीही विमान चालवायला शिकतात.

सरलाबाई 2008 साली वारल्या. व्यावसायिक परवाना त्यांना मिळाला नव्हता.