पडद्यावर यावा असा प्रवास

सन १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक चित्रपटास फार अनुरूप आहे. तोफा आणि घोडदौड पडद्यावर पुष्कळ झाली. येथे १८५८ मधील झाशीचा पाडाव एका भेदरलेल्या भिक्षुकाच्या डोळ्यांनी दिसतो. पुढे काल्पीच्या वाटेवर, विहिरीपाशी, धुळीने माखलेली, तहानेलेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते. भटजी पाणी काढू लागतात. पण विद्वान ब्राह्मणास कष्ट नकोत, म्हणून ती स्वतःच पाणी काढते. पराभवातले तिचे थोरपण दाखवण्यास एवढी विहीर पुरे. दिग्दर्शकाने मात्र तेथे वाद्ये वाजवू नयेत! अखेर लुटले गेलेले भटजी खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन कोकणात परततात आणि त्या जलाने आईवडिलांस स्नान घालतात.