कणगी भरलेली, दार मात्र बंद

मैत्रिणींनो, मुलाचे हातपाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं दिसलं, की आपण काय म्हणतो? जंत झालेत! लगेच वावडिंगाचा काढा. सकाळी मूल पेंगुळलेलं उठलं, तर दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. माझ्या जावेच्या नातीचं वर्षभर हेच चाललं होतं. गाल बाहुलीसारखे गुबगुबीत, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. एका पहाटे तिला झटका आला. रक्तातली साखर तपासली, तर अगदी तळाला गेलेली. पुढे मुंबईत निदान झालं : ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, पहिला प्रकार.

नाव जडजंबाल, पण गोष्ट समजायला सोपी आहे. जेवणातली जास्तीची साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आपण कणगीत भात भरून ठेवतो ना, तसं. रात्री पोट रिकामं झालं, की त्यातूनच थोडी थोडी साखर रक्तात सुटते. या मुलांची कणगी भरते, पण दार उघडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच काम करत नाही. साठा तुंबून यकृत फुगतं आणि रक्त मात्र उपाशी! फॉन गीर्के या जर्मन डॉक्टरांनी १९२९ साली हा आजार नोंदवला. नेमकं कोणतं विकर कमी पडतं, हे १९५२ साली गर्टी कोरी आणि त्यांचे पती कार्ल यांनी दाखवलं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या गर्टीबाई पहिल्या स्त्री, साल १९४७. पण नवऱ्याच्या बरोबरीनं काम करूनही कित्येक वर्षं त्यांना दुय्यम जागेवरच ठेवलं होतं. असो, तो विषय निराळा.

आमच्याकडे बोलणी खाल्ली ती सूनबाईनं. 'तिच्या माहेरचंच काहीतरी,' असं जो तो म्हणे. अहो, दोष आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो, तेव्हाच मूल आजारी होतं! दोघं स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक खेपेला चारात एक एवढी शक्यता असते. मामेबहिणीशी लग्न लावण्याची आपल्यातली हौस अशा आजारांना वाट करून देते, हेही स्पष्टच सांगते.

आणि औषध काय, तर कॉर्नफ्लोअर! सूप दाट करायला वापरतो तेच पांढरं. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. १९८४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं, की कच्चं कॉर्नफ्लोअर हळूहळू पचतं आणि काही तास साखर टिकवून धरतं. ते गार पाण्यातच कालवायचं. शिजवलं की लगेच पचून जातं, मग काय उपयोग? प्रमाण डॉक्टर ठरवून देतात, वजनकाट्यावर मोजून. दिवसा ठरल्या वेळी आणि रात्री गजर लावून. सूनबाई, मुलगा आणि जाऊबाई यांनी पाळ्या लावून घेतल्यात. कोकण रेल्वेच्या डब्यातही पहाटे तीनला गजर वाजतो, शेजारचे प्रवासी कुरकुरतात. कुरकुरू देत.

खरी कसोटी आमच्या रत्नागिरीतच. या मुलांना साखर, गूळ, मध, गोड फळं जपून द्यावी लागतात, कारण त्यातली फळसाखरही त्याच बंद दारामागे अडकते. म्हणजे हापूस नाही, आंबापोळी नाही, फणसपोळी नाही! मे महिन्यात पेट्या पडवीत येतच नाहीत, परस्पर शेजारी उतरवतात. 'एका फोडीनं काय होतंय' म्हणणाऱ्या पाहुण्यांना जाऊबाई आता सरळ हात जोडतात.

उलट्या किंवा ताप आला आणि मूल खाईना झालं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. तडक दवाखाना, ग्लुकोजचं सलाईन. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी पोरीच्या दप्तरात कायम असते.

या आजाराचे बरेच प्रकार आहेत. पॉम्पे नावाचा प्रकार हृदय आणि स्नायूंवर घाव घालतो. त्याचं विकर शिरेतून देण्याची सोय २००६ साली झाली, पण ते फार महाग. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात यातले काही प्रकार आहेत आणि मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्या धोरणाखालचं एक केंद्र आहे.

सूनबाईला आता दुसरं मूल हवंय. जनुकातला दोष सापडलेला असल्यानं, दिवस गेल्यावर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना तपासता येतो. आधी दोघांनी सल्ला घ्यायचं ठरवलंय. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे; गाडीचं तिकीट अजून वेटिंगवर आहे.