आठ फूट मातीचा हिशेब

घराच्या मागे आठ फूट उंच आणि साठ फूट लांब माती धरून ठेवायची होती, आणि हातात साडेचार लाख रुपये होते. गेल्या वर्षी आमच्या दस्तरखानावर सगळ्यात जास्त बोलणे झाले ते या दोन आकड्यांवर.

आमचे घर बेगमपुऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी चढावर आहे. जुन्या नकाशावर शहराचे नाव औरंगाबाद, मोजणीच्या नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. त्याही आधीचे नाव खडकी. मलिक अंबरने 1610 मध्ये हे गाव वसवले ते खडकावर, असे आपण शाळेपासून ऐकतो. पण खडक काही प्रत्येकाच्या अंगणात वर येऊन बसलेला नसतो. आमच्या मागच्या अंगणात वर दोन फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि कुदळ खणखण वाजायला लागते ती साडेपाच-सहा फुटांवर. हे कळले ते दोन ठिकाणी खड्डे घेऊन पाहिल्यावर. खर्च दोन मजुरांची एक दिवसाची मजुरी. एवढ्या कमी पैशात एवढी मोलाची माहिती पुढे कुठेच मिळाली नाही.

मागची जुनी भिंत अब्बांच्या तरुणपणातली, नुसता दगडावर दगड रचलेली. दोन पावसाळ्यांपासून तिला मध्यभागी पोट सुटले होते. भिंतीच्या खालच्या अंगाला मावशींचे घर आहे. त्यांची न्हाणी आणि नातवंडांची खेळायची जागा भिंतीपासून सहा-सात पावलांवर. मावशी कधी तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत, पण रात्री पाऊस लागला की मुलांना पुढच्या खोलीत झोपवत, हे अम्मींना ठाऊक होते.

इथे एक अडचण होती. ते साडेचार लाख मुळात भिंतीसाठी जमवलेलेच नव्हते. धाकट्याचे लग्न ठरले होते आणि त्याच्यासाठी मागे एक खोली काढायची होती. दोन वर्षांची बचत, एक भिशी आणि थोरल्याचा बोनस असे मिळून ते पैसे उभे राहिले होते. आधी खोली बांधावी आणि भिंतीला सध्या सिमेंटची डागडुजी करावी, असे म्हणणारे नातेवाईक कमी नव्हते. वरून लेप दिला की भिंत पाच-दहा वर्षे जाते, असेही एकाने सांगितले. बँकेचे कर्ज घेऊन दोन्ही कामे एकदम उरका, हाही सल्ला आला. पण व्याजाचा पैसा घरात आणायचा नाही हे अब्बांनी आयुष्यभर पाळले आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

मग इंजिनिअरला बोलावले. त्याने खोलीची जागा पाहिली, भिंत पाहिली आणि सरळ सांगितले की आधी खोली बांधलीत तर तिचे ओझेही याच भिंतीला रेटणार. भिंत जेवढी उंच, निदान तेवढे अंतर सोडून खोली घ्या, नाहीतर खोलीचा पाया भिंतीच्या पायाइतका खोल न्या. म्हणजे क्रम ठरला, आधी भिंत. धाकट्याला हे कसे सांगायचे या चिंतेत आम्ही होतो. तोच म्हणाला, "भाईजान, माझी खोली पाडून परत बांधता येईल. खाली मुलं झोपतात." मुलीकडच्यांना आम्ही जाऊन सगळे मोकळेपणाने सांगितले. लग्नाची तारीख हलली नाही. थोरल्यांनी आपली खोली नव्या जोडप्याला दिली आणि स्वतः दिवाणखान्यात पडदा लावून घेतला. लिहायला एक ओळ लागली, पण थोरल्या भाभींनी तो पडदा वर्षभर निभावला आहे.

पहिला गुत्तेदार आला तो दहा मिनिटांत दोन लाख साठ हजार सांगून गेला. वरपासून खालपर्यंत दीड फूट रुंद दगडी बांधकाम, दोन फूट पाया, समोरून देखणे पॉइंटिंग. पाण्याचे काय, असे विचारले तर म्हणाला, पाणी मुरून जाते. दुसऱ्याने आरसीसीचे चार लाख चाळीस हजार सांगितले. कोणता आकडा खरा हे आपल्यासारख्या घरगुती माणसाला कळावे कसे? दोन्ही आकडे खरेच होते, पण दोन वेगळ्या भिंतींचे.

इंजिनिअरने समजावले ते असे. आपल्या अंगणाची साधी भिंत फक्त स्वतःचे वजन सांभाळते. माती धरणाऱ्या भिंतीला पाठीमागून सतत रेटा असतो, आणि उंची दुप्पट झाली की तो रेटा चौपट होतो. आमच्या आठ फूट उंच, साठ फूट लांब भिंतीला कोरड्या मुरमाचा रेटा त्याच्या हिशेबाने तीस टनांच्या आसपास. आणि मागे वरपर्यंत पाणी साचले तर साठ टनांच्याही पुढे. माती तीच, भिंत तीच, फक्त पाणी अडकले. त्यात काळी माती असेल तर ती भिजून फुगते आणि आणखी ढकलते. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच पाऊस, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तो सरासरी विचारून पडत नाही, एका रात्रीत सगळी कसर भरून काढतो.

2019 च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने हे पाहिले आहे. 29 जूनला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे गेली, त्यात लहान मुलेही होती. तीन-चार दिवसांतच, 2 जुलैच्या मध्यरात्रीनंतर मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर आली. तिथे तीसच्या आसपास जीव गेले. दोन्हीकडे मुसळधार पाऊस, आणि दोन्हीकडे गेले ते खाली राहणारे. वरच्या माणसाची माती आणि खालच्या माणसाचा जीव, असे हे गणित आहे.

पाण्याचे वजन ओळखणारी माणसे याच शहरात होऊन गेली आहेत. पाणचक्कीला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, हौदाकाठी फोटो काढतो. पण त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, हे कितीजण सांगतात? एवढे पाणी डोक्यावर पेलायचे म्हणून खाली जाडजूड खांब दिले आहेत. सारी करामत खाली आहे आणि बघणारे वर पाणी बघतात.

शेवटी आम्ही दगडी भिंतच ठरवली, पण रुंदी पायथ्याला साडेचार फूट आणि वर दीड फूट. मावशींकडची बाजू सरळ आणि आमच्या बाजूने पायऱ्या, ज्या मातीत गाडल्या जातात. पाया तीन फूट खोल, घट्ट मुरमात, खाली पीसीसी. काळा दगड इथे जवळ मिळतो, तो लावणारे गवंडी मिळतात, आणि जुन्या भिंतीचाही सहा ब्रास दगड कामी आला. आरसीसीला आमची ना नाही. पण तिथे सळई कुठे आणि किती बांधली हे एकदा काँक्रीट पडले की दिसत नाही, आणि रोज उभे राहून पाहणारा जाणकार आमच्या घरात नव्हता.

वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून खर्च सांगतो. आमच्या कामाचे हे आकडे सगळीकडे लागू पडतील असे नाही. बांधकाम साडेतेवीस ब्रास भरले. गवंडी आणि मजुरी एक लाख पाच हजार. दगड साठ हजार. सिमेंट एकशेतीस गोण्या, त्याचे सत्तेचाळीस हजार. क्रश सँड बावन्न हजार. जेसीबी आणि माती उचलणे तीस हजार. काळी माती मात्र बागवाले स्वतः येऊन फुकट घेऊन गेले. मोजणी आणि इंजिनिअर मिळून वीस हजार. आणि पाणी काढून देण्याची सगळी व्यवस्था अठ्ठावीस हजार. त्यात भिंतीच्या पाठीला फूटभर रुंद खडीचा पट्टा, त्यावर माती शिरू नये म्हणून कापडाचे आवरण, तळाला भोके पाडलेला पाइप आणि भिंतीत दर पाच फुटांवर तीन इंची पाइपाचा तुकडा, ज्याला मिस्त्री वीप होल म्हणतात. शंभर रुपयांतले सात-आठ रुपये. निम्म्याहून जास्त रेटा ज्या पाण्याचा, त्याला वाट करून द्यायला एवढेच लागतात; आणि पैसे कमी पडले की लोक पहिली कात्री इथेच लावतात, कारण हे दिसत नाही. कात्री लावायचीच तर पॉइंटिंगला लावा, रंगाला लावा. आमच्या भिंतीला आजही रंग नाही.

एक खर्च मात्र याच शहराचा आहे. नळाला पाणी रोज येत नाही, कितीतरी दिवसांनी येते. बांधकामाला निदान दहा दिवस पाणी मारावे लागते, तेव्हा टँकरचे नऊ हजार धरून ठेवले होते. थंडीत काम काढले आणि गोणपाट भिजवून टाकले म्हणून तेवढ्यात भागले. उन्हाळ्यात काढले असते तर दुप्पट लागले असते.

पैसे कमी असतील तर काम टप्प्याने करता येते का, असे अनेकांनी विचारले. येते, पण लांबीने. वीस फूट पूर्ण उंचीची भिंत आधी आणि बाकीची पुढच्या वर्षी, असे चालते. यंदा चार फूट उंच आणि पुढे वरचे चार फूट, हे चालत नाही. चार फुटांच्या भिंतीचा पाया आठ फुटांचे ओझे घेत नाही. खोदतानाही आम्ही वीस-वीस फुटांचे तुकडे केले, नाहीतर सगळी माती एकदम मोकळी पडली असती.

आता जमिनीचे. नगर भूमापनकडून मोजणी करून घेतली आणि महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून मगच पाया खोदला. एक वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किती कडक इशारा दिला आहे, ते आपल्याला माहीत आहे. पाया आमच्याच हद्दीत बसावा म्हणून भिंत फूटभर आत घेतली. साठ चौरस फूट गेले. गेले ते गेले.

मावशींनी निम्मा खर्च द्यावा, असे सुचवणारेही भेटले. फायदा त्यांचाच ना, असा त्यांचा हिशेब. अब्बा म्हणाले, "माती आपली आहे, ती खाली जाऊ नये हे पाहणं आपलंच काम." पेच पुढेच होता. वीप होलचे पाणी निघणार कुठे? मावशींच्या अंगणात. म्हणजे भिंत पडण्याची भीती घालवायची आणि बदल्यात त्यांच्या दारात चिखल करायचा! त्यांच्या मुलाने नकाशा पाहताक्षणी हेच विचारले, आणि बरोबरच विचारले. मग भिंतीच्या पायथ्याशी आमच्याच फूटभर जागेत सिमेंटची नाली काढून ती रस्त्याच्या गटाराला जोडली, आणि खोदकामात उखडलेली त्यांची फरशी बसवून दिली. वीस हजार. हा आकडा कोणत्याही गुत्तेदाराच्या अंदाजपत्रकात नव्हता.

सूरह कहफमध्ये ह. मूसा (अ.) आणि ह. खिज्र (अ.) यांच्या प्रवासात एका भिंतीचा प्रसंग आहे. गावाने दोघांना जेवायलाही घातले नाही, तरी पडायला आलेली भिंत मजुरी न घेता सावरली गेली. तिच्याखाली दोन अनाथ मुलांची ठेव होती. काम चालू असताना अब्बा तो भाग नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत. मुलांचा प्रश्न वेगळाच होता, त्या भिंतीचे पाणी कुठे काढले?

गुत्तेदाराशी करार लिहून केला. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवावेत हे कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आले आहे, तरी आपल्या घरांत ओळखीच्या माणसाशी लिहापढी करायला संकोच वाटतो. आम्ही साध्या वहीत लिहिले: रुंदी किती, पाया किती, पाइप किती, पैसे कोणत्या टप्प्यावर. मागची खडी भरताना आम्ही पाहिल्याशिवाय तिसरा हप्ता नाही, ही अट त्यात होती. त्याने हसून सही केली. बीबी का मकबऱ्याचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा सांगितला जातो. शहजाद्याच्या बांधकामात आण्यांची नोंद राहते तर आमच्यात का नको, असे थोरला त्याला म्हणाला.

एकूण तीन लाख एकाहत्तर हजार ठरले होते. अडीअडचणीसाठी दहा टक्के वेगळे काढले होते. त्यातले एकवीस हजार भरावाच्या मुरमाला आणि एका जागी खोल निघालेल्या पायाला गेले. उरलेल्या अठ्ठावन्न हजारांवर धाकट्याच्या खोलीची नवी भिशी सुरू झाली आहे. खोली आता भिंतीपासून दहा फूट अलीकडे येईल, थोडी लहान होईल.

यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी मावशींनी खालून हाक मारली, की बाराही भोकांतून पाणी येते आहे, पण कडेचे एक कोरडे आहे. धाकटा सळई घेऊन उतरला. आत पालापाचोळा आणि चिमणीचे गवत अडकले होते. आता मृगाच्या आधी सगळे पाइप सळईने साफ करायचे असे ठरले आहे, आणि ते काम वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.