तलावांच्या मुलखात सायकलवर

भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांचा मोठा नकाशा आपण समोर पसरलात, तर प्रथम नजरेत भरतात ते निळे ठिपके. गावागणिक एक, कुठे दोन. कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी उतार पाहून, पाळी घालून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे आले. मालगुजारी गेल्यावर सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी झाली आणि आद्याक्षरे जोडून लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ करून टाकले. हे नाव ऐकून कोणाचे मामा, असा प्रश्न आपल्या मुलांना पडेल. तो पडू द्यावा. या ठिपक्यांभोवती साग, बांबू, मोह आणि तेंदूचे रान आहे, आणि सारे पाणी शेवटी वैनगंगेकडे जाते. मोटारीतून हा मुलूख तासाभरात निघून जातो. पायी तो आवाक्याबाहेर राहतो. सायकलच्या वेगाला मात्र तो अगदी बेताचा आहे.

मी सुचवतो तो मार्ग तीन दिवसांचा. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौंदड स्थानकात उतरावे, कोहमाऱ्याहून दक्षिणेकडे वळून नवेगावबांध गाठावे. दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावमार्गे गोठणगावजवळचे इटियाडोह धरण पाहून अर्जुनीस मुक्काम करावा. तिसऱ्या दिवशी वैनगंगेच्या काठी वडसा. हा लोहमार्ग जवळजवळ सगळीकडे आपल्या सोबतीला असतो, आणि माझ्या दृष्टीने या मार्गाचा सर्वांत मोठा गुण तोच. अर्जुनी आणि वडसा ही दोन्ही स्थानके वाटेवर आहेत. गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. पण थकलेल्या माणसाला परतण्याची वाट आहे, एवढी जाणीवही छातीवरचे ओझे हलके करते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वरचा तुकडा तेवढा लवकर संपवावा. तिथे ट्रकांची रांग असते आणि त्यात रमण्यासारखे काही नाही.

नवेगावचा तलाव सुमारे 11 चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. हिवाळ्यात पाण्यावर स्थलांतरित बदके उतरतात, आणि मारुती चितमपल्लींची पुस्तके ज्यांनी वाचली आहेत त्यांना या परिसराची वेगळी ओळख करून द्यायला नको. नवेगाव-नागझिरा हा 2013 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या प्रवेशद्वारातून सायकल आत न्यायची नसते. आपला रस्ता सार्वजनिक आहे, पण तोही रानातूनच जातो. म्हणून दुपारी साडेचारनंतर सायकल चालवू नये. वाघाची भीती सगळ्यांना असते. मला अधिक धास्ती अस्वलाची वाटते, कारण ते बिचकले की आधी धावून येते.

आता प्रकृतीविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ या प्रवासासाठी योग्य. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि त्या उन्हात सायकल दामटणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पण हिवाळ्यातही पहाटे पाचला निघण्याचा उत्साह ज्येष्ठांनी आवरावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकार असणाऱ्याच्या छातीत याच वेळी कळ येण्याचा संभव अधिक. आठ वाजता, ऊन अंगावर आल्यावर निघावे. पहिली दहा मिनिटे अगदी सावकाश.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक, वय 61, अँजिओप्लास्टीला दोन वर्षे झालेली. त्यांनी हा बेत सांगितला तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी दवाखान्यात आली. “काका, तुम्हीच नाही म्हणा. तुमचे ते ऐकतील,” असे म्हणून ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या रात्रीची अतिदक्षता विभागाबाहेरची बाकडी मला स्पष्ट दिसली. नाही म्हणणे सोपे होते. पण गुरुजी दोन वर्षे घरात बसून होते. वजन सहा किलोने वाढले होते, आणि जिना चढण्याआधी ते स्वतःचीच नाडी पाहू लागले होते. हृदयापेक्षा भय मोठे झाले होते. मी तिला म्हणालो, आधी तपासू, मग ठरवू.

ट्रेडमिल चाचणी झाली, इकोकार्डिओग्राम झाला, हृदयरोगतज्ज्ञांनी संमती दिली. मग तीन महिने सराव: आठवड्यातून चार दिवस, पाच किलोमीटरपासून पंचवीसपर्यंत. ते बीटा ब्लॉकर घेत असल्याने नाडीचे ठोके मोजून श्रम ठरवणे निरुपयोगी होते. त्या औषधाने नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. अशा वेळी एक साधी कसोटी पुरते. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येते, तोवर श्रम बेताचे. शब्द तुटू लागले की उतरावे. जिभेखालची गोळी वरच्या खिशात हवी, आणि ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम उतरतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने हेल्मेटविना पाय पेडलवर ठेवू नये. डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी सीटी स्कॅन करावाच.

दुसऱ्या दिवशी, इटियाडोहहून परतताना, एका चढावर गुरुजी स्वतःहून उतरले आणि रस्त्यालगतच्या मोरीवर बसले. “डॉक्टर, दोन शब्दांवर दम लागतोय. पुरे,” म्हणाले. छातीत दुखत नव्हते, घाम नव्हता. तरीही मी वाट पाहिली नाही. धानाची पोती नेणाऱ्या एका टेम्पोत दोन्ही सायकली चढवल्या आणि अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात हृदयालेख काढून घेतला. जुना आलेख त्यांच्या पिशवीत होता. दोन्ही शेजारी ठेवले, फरक नव्हता. हृदयविकार असलेल्या प्रत्येकाने प्रवासात आपला जुना आलेख जवळ बाळगावा, तो अशा घटकेला बोलतो. तिसऱ्या दिवशी गुरुजी रेल्वेने वडशाला गेले, मी सायकलने. संध्याकाळी मुलीला त्यांनी फोनवर हे सारे सविस्तर सांगितले, मोरीवर बसल्याचेही. ती पलीकडे बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, थांबलात ना? मग ठीक आहे.”

इतर गोष्टी थोडक्यात. आसन फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. पेडल तळाशी असताना गुडघ्यात किंचित बाक राहावा. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत, जड गिअर रेटू नये. करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागल्या तर मुठीची पकड बदलावी. तळहातावरच्या दाबाने तिथली नस दबते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रेविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. दिवसभराच्या श्रमानंतर साखर कित्येकदा रात्री झोपेत उतरते. उशाशी गूळ किंवा ग्लुकोज ठेवावे.

पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबांत सिकलसेल आढळतो. रुग्णाने तज्ज्ञांच्या सल्ल्याविना असा प्रवास करू नये; वाहकाला बहुधा त्रास होत नाही, पण पाणी कमी पडले आणि श्रम अतोनात झाले तर त्यालाही धोका संभवतो. तलावाच्या गार पाण्यात डुंबण्याचा मोह रुग्णाने टाळावा, थंडीने वेदनांचा झटका येऊ शकतो. मुक्कामी मच्छरदाणी आवश्यक. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांना आपण गोंदिया-गडचिरोलीकडे जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे. नाहीतर हिवताप त्यांच्या मनात चटकन येणार नाही.

दिवाळीनंतर गेलात तर गावोगावी मंडई भरलेली दिसेल. रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात, आणि वडसा हे तर त्या रंगभूमीचे केंद्रच. नाटक जरूर पाहावे. दुसऱ्या दिवशी सायकल मात्र विश्रांतीला ठेवावी, जागरणानंतरचा चढ कोणाच्याच हृदयाला मानवत नाही.

गुरुजींना यंदा वैनगंगेच्या काठाने पवनीपर्यंत जायचे आहे. त्यांची ट्रेडमिल चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. मुलीनेही नवी सायकल घेतली आहे, असे कळते.